सँडलमध्ये मोजे: थंडीत पाय उबदार ठेवायचे तर पट्टा आधी सैल करा

जाड मोजे घातले तरी सँडलमध्ये पाय गारच राहतात, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मोज्यांचा नसतो, पट्ट्यांचा असतो. उन्हाळ्यात नुसत्या पायाच्या मापाने बक्कल ज्या भोकात लावलं होतं, तिथेच ते ठेवून त्यात जाडजूड मोजा कोंबला की दोन गोष्टी बिघडतात. मोज्याची ऊब असते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची. पट्ट्याखाली मोजा दाबला गेला की ती हवाच उरत नाही. शिवाय पावलाच्या वरच्या बाजूला रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी खालून जातात. त्यांच्यावर दाब पडला की बोटांपर्यंत पोचणारं गरम रक्त कमी होतं. म्हणून पातळ मोजा आणि सैल पट्टा ही जोडी जाड मोजा आणि आवळलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त ऊब देते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पाय गार कशामुळे पडतो

तळव्याची उष्णता खाली जमिनीत जाते. बोटांवरून आणि बाजूने ती वारा पळवतो. मोजा ओला झाला तर दोन्ही वेग वाढतात, कारण स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे 25 पट जास्त उष्णता वाहून नेतं. सँडल वरून उघडी असल्याने घाम लवकर उडून जातो, ही तिची जमेची बाजू. बंद बुटात दिवसभर घामाने ओलावणारे पाय थंडीतही सँडलमध्ये कोरडे राहतात, आणि कोरडे राहिले म्हणून उबदार राहतात.

खालच्या थंडीवर मोजा फारसा उपाय करू शकत नाही, कारण शरीराच्या वजनाने तो तळव्याखाली चेपतो. तिथे काम करायचं ते सँडलच्या तळाने. कॉर्क किंवा फोमचा, बोटांखाली निदान दीड-दोन सेंटिमीटर जाड तळ असेल तर गार फरशीवर उभं राहणं सुसह्य होतं. पातळ चामड्याच्या किंवा नुसत्या रबरी तळाच्या सँडलमध्ये कितीही चांगला मोजा घातला तरी दहा-पंधरा मिनिटांत तळवा गारठतो.

कोणती सँडल चालते

चवड्यावर, पावलाच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे असे तीन पट्टे असलेली, आणि तिन्ही पट्टे कमी-जास्त करता येणारी सँडल सगळ्यात बरी. मागचा पट्टा महत्त्वाचा. उघड्या पायाची कातडी आतल्या तळाला थोडीफार चिकटून राहते, मोजा मात्र सरकतो. मागे पट्टा नसेल तर टाच उचलली की सँडल खाली राहते, मग ती धरून ठेवायला बोटं आपोआप आकसतात. तासभर असं चाललं की पोटऱ्या आणि पावलाचा कमानीचा भाग दुखू लागतो. जिना उतरताना तर पाय पुढे निसटण्याचा धोका असतो. बिनपट्ट्याच्या सपाता मोज्यांसह घरात वापरायला ठीक आहेत. जिन्यावर, ओल्या जागी आणि गाडी चालवताना त्या नकोत.

आतला तळ हाताने चोळून पाहा. मऊ, लवदार चामड्याचा किंवा बारीक खरखरीत पृष्ठभाग मोज्याला धरून ठेवतो. गुळगुळीत प्लास्टिकवर मोजा घसरतो, मग तळव्याला छोटे रबरी ठिपके असलेले मोजे घ्यावे लागतात. उलट, तळावर मालिशसाठी टोकदार उंचवटे असतील तर ते लोकरीचे मोजे फार लवकर झिजवतात.

माप जमवताना

हे काम संध्याकाळी करा, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजलेला असतो. जे मोजे प्रत्यक्षात घालणार तेच घालून बसा. मोज्याची टाच आपल्या टाचेवरच आहे ना, हे पाहा. ती घोट्याकडे चढली असेल तर मोजा मोठा आहे, तळव्याखाली आली असेल तर लहान. मोठ्या मोज्याची चुणी पट्ट्याखाली येते आणि फोड बहुधा तिथेच येतो.

1. सगळे पट्टे पूर्ण सैल करा आणि पाय आत घालून टाच मागे टेकवा.
2. मागचा पट्टा आधी लावा. टाच जागेवर बसल्याशिवाय बाकीच्या पट्ट्यांचं माप चुकतं.
3. मग पावलाच्या उंचवट्यावरचा पट्टा. पाय पुढे सरकू न देण्याचं काम याचं, म्हणून तिघांत हाच जरा घट्ट असावा, तरी खाली एक बोट सहज जायला हवं.
4. चवड्यावरचा पट्टा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सैल. उभं राहून बोटं वर-खाली हलवून पाहा; ती अडता कामा नयेत.
5. उभ्या स्थितीतच सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 10 ते 12 मिलिमीटर तळ शिल्लक आहे का बघा. टाच मागे तळाबाहेर लोंबत असेल तर सँडल लहान आहे. पट्टे कितीही सैल केले तरी हे सुधारत नाही.

आता दहा मिनिटं चाला. त्यात जिना उतरणं हवंच, कारण पाय पुढे घसरतो तो उतरताना. मग मोजे काढून पाय निरखा. कापडाच्या विणीची पुसट खूण उमटलेली असतेच, ती काही मिनिटांत जाते. पट्ट्याच्या कडेची खोल, लाल रेघ मात्र बराच वेळ टिकली तर तो पट्टा आणखी एक भोक सैल करा. बोटांना मुंग्या येत असतील तर मोजा पातळ घ्या, वाद घालू नका.

शेवटच्या भोकातही पट्टा घट्ट होत असेल तर नवं भोक पाडता येतं. त्यासाठी गोल भोक पाडणारं पंच वापरा. खिळ्याने पाडलेलं भोक फाटत जातं, कारण खिळा चामडं कापून काढत नाही, नुसतं बाजूला सारतो. पट्ट्याच्या टोकापासून किमान एक सेंटिमीटर अंतर सोडा. वेल्क्रोच्या पट्ट्याचा प्रश्न निराळा आहे. सैल केल्यावर दोन्ही बाजू एकमेकींवर पुरेशा येत नसतील तर चालताना तो सुटतो. हुकांची खरखरीत बाजू उघडी राहिली तर ती मोज्याचे धागे ओढते. लोकरीचा भुगा हुकांत अडकून पकड कमी झाली की जुन्या दातांच्या ब्रशने तो काढून टाका.

मोजे

सँडलसाठी उत्तम मोजा तळव्याखाली जाड आणि वरच्या बाजूला पातळ असतो. आतून टॉवेलसारखे फासे फक्त टाच, तळवा आणि बोटांखाली आहेत आणि पावलावर साधी सपाट वीण आहे, असे मोजे ट्रेकिंग आणि धावण्याच्या सामानात सापडतात. सगळीकडून सारखा जाड मोजा बुटात चालतो, पट्ट्याखाली तो अडचण करतो.

धाग्यांत पहिली पसंती मेरिनो लोकरीला. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प शोषते आणि तरी स्पर्शाला ओली लागत नाही. धागा 20 मायक्रॉनपेक्षा बारीक असेल तर सहसा टोचतही नाही. शुद्ध लोकर मात्र टाचेला आणि चवड्याला लवकर विरते, म्हणून तिच्यात 20 ते 40 टक्के नायलॉन आणि थोडं इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलेलं बरं. अंगाला लोकर सोसत नसेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या. ते लोकरीइतकं बाष्प शोषत नाही, पण वाळतं लवकर. सुती मोजे कोरड्या, सौम्य थंडीत घरात घालायला हरकत नाही. बाहेर मात्र ते नकोत, कारण ओला सुती मोजा पायाला चिकटतो, हवा धरत नाही आणि वाळायला फार वेळ घेतो.

वीण दाट हवी. मोजा हातावर ताणून उजेडासमोर धरा. जितका कमी उजेड आरपार दिसेल तितका वारा कमी घुसेल. बोटांवरची शिवण सपाट आहे का, आणि ती चवड्यावरच्या पट्ट्याखाली येत नाही ना, हे घालूनच कळतं. उंची घोट्याच्या वर निदान पाच सेंटिमीटर असावी. आखूड मोजे मागच्या पट्ट्याने खाली खेचले जातात आणि टाचेखाली गोळा होतात.

फार चालायचं असेल आणि फोड येण्याची सवय असेल तर आत गुळगुळीत पातळ मोजा आणि वर लोकरीचा, अशी दोन थरांची जोडी वापरा. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. जाडी वाढते हे लक्षात ठेवून पट्ट्यांचं माप पुन्हा जमवावं लागतं.

अंगठा असलेल्या सँडल

अंगठ्याभोवती वेढा किंवा बोटांमध्ये खुंटी असलेल्या सँडलमध्ये साधा मोजा ओढूनताणून बसवू नका. ताणलेलं कापड अंगठा दुसऱ्या बोटावर दाबतं, आणि नखाची कड कातडीत रुतते. इथे अंगठा वेगळा विणलेलेच मोजे हवेत. हा काही आजचा शोध नाही. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथल्या दफनभूमीत सापडलेली लाल लोकरीची अशी जोडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची असून सँडलमध्येच घालण्यासाठी पुढून दुभागलेली आहे. जपानमध्ये झोरी आणि गेटा या पादत्राणांबरोबर ताबी नावाचे असेच मोजे घालतात. पाचही बोटं वेगळी असलेले मोजेही चालतात आणि बोटांमधला घाम टिपतात, पण रुंद पायाच्या माणसाला ते चवड्यावर दाटतात.

खुंटी कठीण प्लास्टिकची असेल तर कुठल्याही मोज्याला ती काही दिवसांत भोक पाडते. कापडी वेढा त्याहून कितीतरी बरा.

ओल

सँडल आणि मोज्यांचा खरा शत्रू हाच. पाऊस किंवा दंव असेल तर कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. मोजा ओला झाला की थांबून बदला, पण आधी पाय पुसा, विशेषतः बोटांच्या बेचक्या. आतला तळही कापडाने पुसून घ्या, नाहीतर नवा मोजा पाच मिनिटांत ओला होतो.

आत जलरोधक पडदा असलेले मोजे मिळतात. ते उपयोगी आहेत, पण तीन थरांचे असल्याने जाड असतात आणि पाणी घोट्याच्या वरून शिरलं तर आतच राहतं. मोज्याच्या आत प्लास्टिकची पिशवी घालणं ही फक्त अडीनडीची युक्ती. घाम अडकून पाय आतूनच भिजतो.

कोरडी हवा असेल तर 10 ते 18 अंश सेल्सिअस हा या पोशाखाचा हक्काचा पट्टा. 5 ते 10 अंशांत चालत राहिलात तर जमतं, एका जागी उभं राहून जमत नाही. त्याखाली, किंवा चिखल आणि बर्फात, बंद बूटच घाला. गोठणबिंदूच्या वरच्या दमट थंडीतही बोटांवर लाल, खाजरी सूज येऊ शकते. तशी आली तर पाय शेगडीजवळ किंवा गरम पाण्यात नेऊ नका, हळूहळू ऊब द्या. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पट्टा रुतल्याचं कळणारच नाही, म्हणून अशा व्यक्तींनी उघडी सँडल घालण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि रोज रात्री दोन्ही तळवे बघावेत.

रोजच्या अडचणी

वाळूचा कण मोज्याखाली गेला की तो झटकून जात नाही, विणीत अडकतो. टोचायला लागल्याबरोबर सँडल काढून मोज्याचा तळ हाताने झाडा. पुढे जाऊ म्हणालात तर फोड ठरलेला. नव्या चामडी सँडलचा रंग ओल्या मोज्यांना लागतो आणि सहसा जात नाही, तेव्हा पहिले काही आठवडे गडद मोजे घाला. नवी जोडी पहिल्या दिवशी अर्धा तासच वापरा.

दिसण्याबद्दल एवढंच: मोजा चुणीविना बसलेला असावा आणि त्याचा रंग सँडलच्या किंवा पँटच्या जवळचा असावा. बाकी ज्याची त्याची आवड.

लोकरीचे मोजे उलटे करून 30 अंशांच्या पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका. ते धाग्यावर थर चढवतं आणि शोषण्याची ताकद घटवतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून सावलीत वाळवा. सँडलचा आतला तळ आठवड्यातून एकदा ओलसर कापडाने पुसा, कारण मोजे रोज बदलले तरी वास तिथेच मुरतो. ती भिजली तर पट्टे उघडून हवेशीर सावलीत एक दिवस ठेवा. हीटरपुढे कॉर्क सुकून तडकतो, डिंक सुटतो. उन्हात तापलेल्या बंद गाडीत फोमचा तळ आकसतो, आणि एकदा आकसलेला तळ परत मापाला येत नाही.