एमआरआयमधून नाव गेलं, चेहरा राहिला

यवतमाळकडच्या खेड्यांतल्या पेशंटचे मेंदूचे एमआरआय, ओळख पुसून, संशोधनासाठी नागपूरला पाठवायचे होते. डायकॉम फाइलमधलं (स्कॅन याच प्रकारच्या फाइलमध्ये साठवतात) नाव, जन्मतारीख, पेशंट आयडी पुसणं सोपं. पण मशीन कंपनीच्या खासगी टॅगमध्येही (कंपनीने स्वतः जोडलेल्या रकान्यांत) माहिती दडलेली असते, आणि गावाचं नाव तर शेऱ्याच्या रकान्यात सापडलं! लहान गावात वय आणि आजार कळला की माणूस ओळखू येतो, म्हणून वयाचा फक्त गट ठेवला. एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवल्या, म्हणजे दोन स्कॅनमधलं अंतर टिकतं.

खरी गोम चेहऱ्याची. थ्रीडी टी-वन या बारीक रचना दाखवणाऱ्या एमआरआय स्कॅनवरून नाक-डोळे पुन्हा उभे करता येतात. म्हणून फाइल निफ्टी या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या प्रकारात बदलून पायडीफेस हे चेहरा पुसणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यात कधी कपाळामागचा मेंदूही कापला जातो, त्यामुळे प्रत्येक स्कॅन उघडून पाहिला. कंटाळवाणं काम, पण टाळू नका. कोणत्या नावाऐवजी कोणता कोड दिला, ती यादी दवाखान्यातच कुलपात आहे.