कासला फुलांचे फोटो काढताना डेप्थ ऑफ फील्ड कसं सांभाळायचं

सप्टेंबरात कास पठारावर गेलेल्या बहुतेकांची एकच तक्रार असते, फूल मस्त आलं पण अर्धंच शार्प आहे. लेन्सला शिव्या घालू नका, फोकस एकाच अंतरावर बसतो आणि त्याच्या थोडं पुढे-मागे जेवढं शार्प दिसतं तेवढी पट्टी म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, बास.

मागचं धूसर करायला पट्टी पातळ हवी तर सगळे आधी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) उघडतात, पण अंतराचं कुणी बघतच नाही. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ५० एमएम लेन्स, एफ १.८, दोन मीटरवरून साधारण ११-१२ सेंमी शार्प मिळतं, तेच एक मीटरवर आलात की जेमतेम ३ सेंमी. अंतर अर्धं झालं की पट्टी पाव होते. आणि मित्राला भिंतीला चिकटवून उभं केलंत तर १.८ लावूनही भिंत दिसणारच, त्याला दहा-पंधरा फूट पुढे आणा ना!

सीतेची आसवं (ते इवलं जांभळं फूल) मॅक्रोने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने, काढायची असतील तर मात्र उलटी बोंब. फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं आलं की एफ ८ लाही एक मिलिमीटरसुद्धा शार्प मिळत नाही. मग एफ ११ किंवा १६ ठेवा, आणि कॅमेरा असा धरा की पाकळ्या सेन्सरला समांतर येतील, म्हणजे आहे त्या पट्टीत जास्तीत जास्त फूल बसतं. वारा असतोच तिथे, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. एफ २२ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (भोक फार लहान झालं की प्रकाश पसरतो) सगळंच मऊ पडतं. (आणि एका फुलासाठी बाकीच्या शंभरांवर आडवं होऊ नका राव.)

पुढे तेरड्याचा गालिचा, मागे डोंगर, दोन्ही शार्प पाहिजेत? १८ एमएम, एफ ११, फोकस डोंगरावर नाही तर दीड मीटरवरच्या फुलावर. क्रॉप सेन्सरवर साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हे दिसत नाही कारण तिथे लेन्स पूर्ण उघडीच असते, बऱ्याच कॅमेऱ्यांवर लेन्स बसते त्या माउंटजवळ डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं छोटं बटण असतं ते दाबा, अंधारल्यासारखं होईल, घाबरू नका.

मोबाइलवाल्यांनी पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा, तो पाकळ्यांच्या कडा खातो. मेन कॅमेऱ्यानेच फुलाच्या जितकं जवळ फोकस होतंय तितकं जा, मागचं आपोआप विरघळतं.