पहिली स्की शर्यत जोडीने करताय? या चुका टाळा

क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या बर्फवाटेवरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत पहिल्यांदाच उतरणारी जोडपी मी दर हिवाळ्यात पाहतो. कधी वॅक्सच्या (स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या) टेबलामागून, कधी चढाच्या माथ्यावर स्वयंसेवकाचं जाकीट घालून. चुका ठरलेल्या असतात आणि बहुतेकींचं मूळही एकच असतं: नाव एकदम नोंदवलं, गाडी एक, खोली एक, म्हणून वॅक्सही एक, वेगही एक आणि सामानाची पिशवीही एकच. स्कीला मात्र आपल्यावर किती किलो उभे आहेत एवढंच कळतं.

शर्यत निवडतानाच घाई

स्वीडनच्या वासालोपेटचे फोटो पाहायचे आणि थेट तिथेच नाव घालायचं, असं हल्ली फार होतं. सेलेन ते मोरा, ९० किलोमीटर, १९२२ पासून चालत आलेली शर्यत. मोह समजू शकतो. पण तिथे चौक्या ठरलेल्या वेळेच्या आत ओलांडाव्या लागतात. वेळ संपली की वाटेवर दोर आडवा येतो आणि पुढचा प्रवास बसने. त्याच सुमारास त्याच वाटेवर ३० आणि ४५ किलोमीटरच्या शर्यतीही असतात, त्या मात्र कुणाच्या नजरेत भरत नाहीत. नॉर्वेच्या बिर्केबाइनरचे ५४ किलोमीटर ऐकायला बरे वाटतात, पण पाठीवर किमान ३.५ किलोची पिशवी सक्तीची आणि वाट डोंगर ओलांडून जाणारी. पहिल्या वेळी १५ ते ३० किलोमीटर पुरेत. आणि अंतर ठरवायचं ते दोघांपैकी ज्याचा सराव कमी आहे त्याच्या हिशेबाने, ज्याचा उत्साह जास्त आहे त्याच्या नाही.

अर्जात क्लासिक की स्केटिंग हा रकाना असतो, तो वाचा. क्लासिक म्हणजे बर्फातल्या खाचांत दोन्ही स्की समांतर सरकवत जाणं, स्केटिंग म्हणजे तिरक्या पावलांनी बाजूला रेटत जाणं. क्लासिकमध्ये स्केटिंगची पावलं टाकलीत तर बाद.

दोघांच्या स्कीला एकच उपाय

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे इथे जरा बसावं लागेल.

क्लासिक स्की मधोमध वर उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना हा मधला भाग बर्फाला जवळजवळ टेकत नाही, म्हणून स्की घसरते. एका पायावर पूर्ण वजन टाकून रेटा दिला की मधला भाग खाली दबतो, तिथलं ग्रिप वॅक्स बर्फ धरतं आणि तुम्ही पुढे जाता. सगळी गंमत या दबण्यात आहे. स्की तुमच्या वजनाला ताठ पडली तर ती दबणारच नाही, मग वर जगातलं सर्वोत्तम वॅक्स लावा. नरम पडली तर वॅक्स सतत घासत राहील आणि उतारावरही ब्रेक लागल्यासारखं होईल.

एका शर्यतीत असं एक जोडपं भेटलं. ३० किलोमीटर, क्लासिक, रात्रभर पडलेला ताजा बर्फ, सकाळी उणे सहाच्या आसपास. दोघांनी एकाच मॉडेलच्या, एकाच ताठपणाच्या स्की घेतल्या होत्या, कारण दोन जोड्यांवर सूट होती. तो तिच्यापेक्षा सहज वीस-पंचवीस किलोंनी जड. सुरुवातीच्या अर्धा तास आधी तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, “हिच्या स्कीला पकडच नाही.”

“घेताना स्कीखाली कागद घालून पाहिला होता का?”

“तेवढा वेळ कुठे होता?”

दुकानात सवलतीची आकडेमोड करायला वेळ होता, कागदाला नव्हता. मी तिच्या स्कीला निळं वॅक्स नेहमीपेक्षा जास्त थरांत आणि थोडं पुढपर्यंत लावून दिलं. म्हटलं, आज जमेल तेवढं जमेल, चढावर स्कीची टोकं फाकवून चाला. आणि त्याला बजावलं की तुमच्या स्कीला काही झालेलं नाही, तिला हात लावू नका.

तासाभराने मी दुसऱ्या चढाच्या माथ्यावर उभा होतो. तो आला तो चालत. स्कीखाली दोन-दोन बोटं जाडीचा बर्फ चिकटलेला, त्यामुळे उंची वाढलेली. पहिल्या चढाला ती घसरल्यावर याने खिशातून लाल वॅक्सची डबी काढली आणि चारही स्कींना फासली. जास्त चिकट म्हणजे जास्त पकड, हे तर्कशास्त्र. लाल वॅक्स शून्याच्या वरच्या, ओलसर बर्फासाठी असतं. थंड, ताज्या बर्फाचे टोकदार कण त्या मऊ थरात रुततात आणि तिथेच गोठतात. चारशे-पाचशे मीटर छान वाटतं, मग स्कीखाली ढेकळं धरतात. त्याला आता उतारावरही घसरता येईना. आणि तिची स्की मुळात दबतच नसल्यामुळे तिला लाल थर लावूनही चढावर पकड मिळेना. मी त्याला स्क्रेपर दिला. तेवढ्यात ती मागून आली, थांबली नाही, जाता जाता फक्त म्हणाली, “आता माझ्या स्कीला हात लावायचा नाही हं.” शेवटपर्यंत प्रत्येक चढ तिने फेंगड्या पावलांनी काढला आणि त्याच्या आधी पोचली.

तेव्हा माझी पद्धत सांगतो. स्की घेण्याआधी सपाट, कडक फरशीवर दोन्हींवर सारखं वजन देऊन उभं राहायचं. दुसऱ्या कुणीतरी स्कीच्या खाली, पावलाच्या जागी कागद सरकवायचा. कागद मागेपुढे सहज सरकला पाहिजे. मग एकाच स्कीवर सगळं वजन: आता कागद हलता कामा नये. प्रत्येकाने आपल्या स्कीवर, आपल्या वजनाने हे करायचं. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान.

वॅक्स पातळ थरांत, प्रत्येक थर कॉर्कने (बुचाच्या ठोकळ्याने) घासून. मग स्की बाहेर थंड होऊ द्यायची. खोलीतून उबदार स्की काढून थेट बर्फावर ठेवली तर पहिल्या पावलालाच बर्फ धरते. रंग साधारण असे: हिरवं कडक थंडीला, निळं त्याच्या अलीकडे, जांभळं शून्याच्या आसपास, लाल त्याच्या वर. वितळून पुन्हा गोठलेल्या जुन्या बर्फावर हे काहीच टिकत नाही, तिथे क्लिस्टर (गोंदासारखं चिकट, पातळ वॅक्स) लागतं, आणि पहिल्या शर्यतीच्या सकाळी क्लिस्टरशी पहिली ओळख करून घेऊ नये. पाय घसरतोय? आधी त्याच वॅक्सचा थर वाढवा, मग पुढे लांबवा, सगळ्यात शेवटी मऊ रंगाकडे जा. बर्फ चिकटतोय? खरवडून काढा. मऊ थरावर कडक वॅक्स बसत नाही. माझ्या कमरेच्या पिशवीत दिवसाच्या वॅक्सपेक्षा एक थंड आणि एक उबदार रंग, अर्धा कॉर्क आणि प्लॅस्टिकचा स्क्रेपर असतो. प्रत्येकाची पिशवी वेगळी.

हे सगळं शिकायला धीर नसेल तर सरळ स्किन स्की घ्या, म्हणजे तळाच्या मध्यभागी मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) पट्ट्या असलेली. पट्टाईत मंडळी नाकं मुरडतात, त्यांना मुरडू द्या. शून्याच्या आसपासच्या लहरी बर्फात ती नवख्याला वाचवते. पण वजनाप्रमाणे ताठपणाचा नियम तिलाही लागू, त्यातून सुटका नाही. आणि कुणी जुनी फ्लोरिनवाली वॅक्सची डबी ‘गुपित’ म्हणून हातात ठेवली तर परत करा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांत २०२३-२४ च्या हंगामापासून तिच्यावर पूर्ण बंदी आहे, कित्येक लोकशर्यतींतही आहे. तिच्याने तुमचं शेवटून पाचवं स्थान फार तर शेवटून सहावं होईल.

“आपण शेवटपर्यंत बरोबरच राहू”

प्रेमळ बेत, आणि दोघांचीही शर्यत नासवणारा.

माथ्यावर उभं राहून मी पाहतो ते असं. वेगवान जोडीदार वर पोचतो, थांबतो, दम खातो, पाणी पितो, फोटो काढतो. चार मिनिटांनी दुसरी धापा टाकत येते. तिला पाहिल्याबरोबर हा म्हणतो, “आलीस? चल!” विश्रांतीची गरज तिला होती, मिळाली ती याला. प्रत्येक चढाला हेच. पाचव्या चढानंतर ती बोलत नाही आणि याला वाटतं की ती शर्यतीत रमली आहे. उलट जोड्याही असतात, बायको पुढे आणि नवरा मागे. न बोलणं सारखंच.

थांबणाऱ्याचंही भलं होत नाही. घामाने ओला झालेला माणूस वाऱ्यात चार मिनिटं उभा राहिला की गार पडतो, बोटं बधिर होतात, आणि पुढचा किलोमीटर ती परत आणण्यात जातो. शिवाय ही मंडळी बरोबर ट्रॅकच्या खाचांत उभी असतात. मागून येणाऱ्याने ओरडून वाट मागितली की आपल्यालाच कुणी हाक मारली म्हणून वळून बघतात. थांबायचं तर खाचेतून बाहेर पडून, कडेला.

मोठ्या शर्यतींत सुरुवात गटागटाने होते आणि नवख्यांना सहसा शेवटचे गट मिळतात. एकाच्या नावावर आधीचा निकाल असेल तर तो पुढच्या गटात जातो. एकत्र सुरुवात करायचीच असेल तर पुढच्याने मागे यायचं, हे बहुतेक ठिकाणी चालतं. मागच्याने पुढे घुसायचं नाही, आणि “आम्ही नवरा-बायको आहोत” हे त्यासाठी कारण नाही.

माझा सल्ला कोरडा आहे: सुरुवातीच्या रेषेवर एकमेकांना शुभेच्छा द्या आणि वेगळे व्हा. भेट शेवटी. “फिनिशपाशी भेटू” हा पत्ता नव्हे, तिथे झुंबड असते. छत असलेली, उबदार, एकच अशी जागा आदल्या दिवशी दोघांनी जाऊन पाहून ठेवायची. थंडीत फोनची बॅटरी बसते, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. कोरड्या कपड्यांच्या पिशव्या दोन, आपापल्या नंबराच्या. दोघांचे कपडे त्याच्या पिशवीत आणि ती आधी पोचली, की खिडकीवरचा माणूस तिला ती पिशवी देत नाही. त्याचं बरोबरच आहे.

आदल्या दिवशी शिकवणी

ज्याला थोडं जास्त येतं तो दुसऱ्याला आदल्या दुपारी डबल पोलिंग (दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, एकदम रेटून पुढे सरकणं) शिकवायला घेतो. दोघं भांडून परततात, पाय दमलेले. आदल्या दिवशी अर्धा तास हळू फिरा, वॅक्स तपासा, झोपा. शिकायचं तर हंगामाच्या सुरुवातीला, आणि तिसऱ्याच माणसाकडून.

उतार

चढाची भीती सगळ्यांना, पडतात मात्र उतारावर. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन शर्यतीत पॉन्त्रेसिनाच्या अलीकडे जंगलातला एक उतार आहे, तिथल्या झाडांना गाद्या गुंडाळतात. एवढ्यावरून ओळखा. खाच चांगली असेल तर एक स्की खाचेत ठेवून दुसरी बाहेर काढून तिरकी दाबायची, वेग बेताने उतरतो. वेग हाताबाहेर जायच्या आधीच स्नोप्लाउ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवणं), नंतर उपयोग नाही. पडायचंच असेल तर लवकर आणि कुशीवर, मग ताबडतोब वाटेतून बाजूला.

इथे जोडप्यांची खास चूक: एक पडला की दुसरी धावून जाते आणि वळणाच्या बरोबर खाली उभी राहून “लागलं का रे?” विचारते. वरून येणाऱ्याला दोघंही दिसत नाहीत. आधी वर जाऊन हात हलवून मागच्यांना सावध करा, विचारपूस नंतर.

बाकीच्या, थोडक्यात

सुरुवातीच्या गर्दीत पोल अंगालगत ठेवा. बाहेर फाकलेल्या पोलवर कुणाची तरी स्की पडते आणि पोल मोडतो.

रेषेवर उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे.

पोल एकमेकांचे वापरू नका. क्लासिकचे पोल साधारण खांद्यापर्यंत, स्केटिंगचे हनुवटी-ओठांपर्यंत, आणि ते ज्याच्या त्याच्या उंचीने.

उसने बूट घेताना ते आपल्या बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीत) बसतात का, हे घरी पाहा. बसले तरी नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

पाणी तहान लागायच्या आधी, खाणं भूक लागायच्या आधी. नळीवाली पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतलं पाणी मागे ढकला, नाहीतर गोठतं. पेयांच्या टेबलांपैकी शेवटचं टेबल गाठा, पहिल्यावर सगळे तुटून पडलेले असतात.

वेळ मोजणाऱ्या, घोट्याला बांधायच्या चिपा बांधण्याआधी नंबर मोठ्याने वाचा. दर वर्षी एखादा नवरा बायकोच्या वयोगटात बक्षिसाच्या जवळपास पोचतो आणि मग निकालाच्या टेबलापाशी अर्धा तास खुलासा करत बसतो.