लॉनच्या कडेची प्लास्टिकची पट्टी वर येते, खुंट्या उपटतात: माझा अनुभव

लॉन आणि वाफा यांच्यामधली पट्टी वळणांवर सारखी उचलली जायची. खुंट्या हाताने निघतील इतक्या सैल, तर कडक जमिनीत ठोकताना डोकीच तुटायची. जास्त खुंट्या मारल्या, त्याच भोकात पुन्हा ठोकल्या, वर दगड ठेवले. नुसता वैताग.

शेवटी जमलं ते असं. आदल्या संध्याकाळी जमीन भिजवली. सकाळी गुंडाळी सोडून पट्टी उन्हात तासभर पसरली. खरी गोम इथेच आहे: पीळ राहिला की पट्टी खुंटीला सतत वर ओढते. मग पट्टी चरात बसवली, खुंटीपेक्षा बारीक सळईने तिरकं भोक पाडलं, जुन्या भोकापासून वीतभर दूर. त्यात रबरी हातोडीने खुंटी ठोकली. हातोडी लोखंडी असेल तर मध्ये लाकडाचा तुकडा धरा. एक खुंटी डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे. सरळ भागात अंतर 60 ते 90 सेंमी, वळणावर 30, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. मग दोन्हीकडून माती थराथराने भरून पायाने घट्ट दाबली.

रेताड जमिनीत मात्र लांब, काटेरी कडांची खुंटी घ्या. गुळगुळीत खुंटी तिथे धरत नाही.