धुराने माखलेले झेरॉक्स यंत्र
शेजारच्या खोलीतील वायरिंग जळाल्यावर कार्यालयातील झेरॉक्स यंत्रावर काजळी बसली. ते लगेच चालू करून पाहण्यास मी ठाम नकार दिला, कारण काजळीतून वीज वाहू शकते आणि वायरींवरील पीव्हीसी प्लास्टिक जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू हवेतील ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो, जे सर्किट बोर्डावरील धातू खात राहते. प्लग काढून अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आधी कोरडी काजळी ओढून घेतली. ब्लोअरने ती आणखी आत गेली असती. ज्यावर प्रतीची प्रतिमा तयार होते तो ड्रम काळ्या कागदात गुंडाळला, कारण उजेडाने त्याचा प्रकाशसंवेदी थर बिघडतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळवले. स्कॅनरचे आरसे फार नाजूक असतात, त्यांवर दाब मुळीच देऊ नये. त्यानंतरच वीज जोडली. प्रतींवर उभे राखाडी पट्टे उमटले. ड्रमला विद्युतभार देणारी चार्जिंगची तार पुन्हा पुसल्यावर ते गेले.