लायडिग पेशी वेगळ्या करायला घेताय? आधी रॅटची जन्मतारीख विचारा

वृषणात लायडिग पेशी हार्मोन बनवतात आणि सर्टोली पेशी शुक्राणूंना पोसतात. पिट्युटरीची दोन हार्मोन्स त्यांना चालवतात: एलएच लायडिगला, एफएसएच सर्टोलीला. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष हार्मोन लायडिगकडून, इनहिबिन-बी आणि एएमएच ही हार्मोन्स सर्टोलीकडून. एवढं तुम्हाला येतंच असं धरून चालते. एमएस्सीचा पेपर यावर निघतो, पीएचडी मात्र इथेच अडकते. कारण एकाच वृषणातल्या लायडिग पेशीही वयानुसार वेगवेगळं काम करतात, आणि ते प्रोटोकॉलच्या कागदावर कुणी लिहून ठेवत नाही.

माझं अख्खं सेमिस्टर ज्यात गेलं ते सविस्तर सांगते. रॅटमध्ये जन्मानंतर २१व्या दिवसाच्या सुमारास मिळतात त्या प्रोजेनिटर, म्हणजे लायडिगच्या पूर्वज पेशी. त्या मुख्यतः अँड्रोस्टेरोन हे सौम्य पुरुष हार्मोन बनवतात. ३५व्या दिवसाच्या अपरिपक्व पेशींत टेस्टोस्टेरॉन तयार होतं, पण त्याचं रूपांतर करणारं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम इतकं जोरात असतं की टेस्टोस्टेरॉन टिकत नाही. मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतो त्यात, येतं ते प्रामुख्याने त्यातून बनलेलं अँड्रोस्टॅनडायॉल. ९० दिवसांच्या प्रौढ रॅटमध्ये हे एन्झाइम बरंच खाली आलेलं असतं, तेव्हा कुठे टेस्टोस्टेरॉन भरपूर हाती लागतं.

यात फसवतो तो स्टेन. शुद्धता तपासायला आपण ३-बीटा-एचएसडी या स्टेरॉइड बनवणाऱ्या एन्झाइमचा स्टेन करतो. एनबीटी या रंगामुळे पेशी गडद निळ्या होतात, मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी) कोरे राहतात, मोजणी झकास येते. पण हे एन्झाइम अपरिपक्व पेशींतही असतं. म्हणजे निळा रंग ‘पेशी लायडिग कुळातली आहे’ एवढंच सांगतो, तिचं वय सांगत नाही. मग एलायझा या हार्मोन मोजणाऱ्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन तळाला दिसलं की आधी ऊती सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेजवर संशय, मग पेशी वेगळ्या करणाऱ्या परकॉल द्रवावर, मग एलएचच्या व्हायलवर, आणि शेवटी स्वतःच्या हातावर. हात ठीक असतात हो! अ‍ॅनिमल हाउसमधून वजनावर प्राणी घेतलेले असतात, आणि वजन तर जातीवर, खाद्यावर, पिंजऱ्यात किती जण आहेत त्यावर बदलतं. जन्मतारीख मागा. एथिक्स कमिटीच्या फॉर्मातही वय दिवसांत लिहा; नंतर बदलायचं तर पुन्हा मंजुरीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

सिनिअरची वही झेरॉक्स करून काम सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला कोणत्या वयाच्या प्राण्यात काय मोजायचं होतं, हे वहीत नसतं. आणि ‘करून बघ, येईल’ एवढंच म्हणणाऱ्या गाईडपेक्षा ‘आज पेशी दाखव’ म्हणून मायक्रोस्कोपला डोळा लावणारा खडूस गाईड केव्हाही परवडला.

आकडे कमी आले म्हणून सॅम्पल मात्र फेकू नका. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं मीडियम अँड्रोस्टॅनडायॉलसाठी तपासता येतं, आणि कधीकधी तोच चांगला निकाल ठरतो.

गर्भातल्या पेशींचा मामला आणखी निराळा, आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. माउसच्या गर्भातल्या लायडिग पेशींत टेस्टोस्टेरॉनची शेवटची पायरी करणारं १७-बीटा-एचएसडी-३ हे एन्झाइम जवळजवळ नसतं. त्या अँड्रोस्टेनडायोन या आधीच्या रेणूपर्यंत येऊन थांबतात आणि शेवटची पायरी शेजारची सर्टोली पेशी पूर्ण करते. त्यामुळे तिथे पेशी जितक्या शुद्ध कराल तितकं टेस्टोस्टेरॉन कमी. प्रौढ लायडिग ही सगळी साखळी एकटी ओढते. ईडीएस हे रसायन देऊन रॅटच्या लायडिग पेशी मारता येतात, हे वाचून माउसवर तोच प्रयोग आखू नका. माउस त्याला दाद देत नाही.

आणि शॉर्टकट म्हणून एमए-१० ही प्रयोगशाळेत वाढवता येणारी लायडिग पेशींची तयार लाइन मागवणार असाल, तर जरूर मागवा. स्टार प्रोटीन आणि त्याने होणारी कोलेस्टेरॉलची मायटोकॉन्ड्रियातली वाहतूक, सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू, यांसाठी ती उत्तम आहे. फक्त ती माउसच्या ट्यूमरमधून आलेली लाइन आहे आणि तिच्यात प्रोजेस्टेरोनला पुढे नेणारं सीवायपी-१७ एन्झाइम अगदी कमी, म्हणून ती मुख्यतः प्रोजेस्टेरोन देते. तिच्यासाठी टेस्टोस्टेरॉनचं किट मागवू नका. सील फोडलेलं किट कंपनी परत घेत नाही.