हार्ड डिस्कची घरघर आणि या नेहमीच्या चुका

साडेतीन इंची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. तिचा स्वतःचा आवाज बेताचाच असतो. स्क्रूमधून कंप कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरला, की पत्रा ढोलासारखा घुमतो. ही वाट तोडायची, एवढंच काम आहे. पण लोक भलतंच करतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे डिस्क फोममध्ये गुंडाळणं. धुळ्यातल्या एका दुकानात हिशेबाच्या संगणकाची घरघर बंद करायला कोणीतरी टीव्हीच्या खोक्यातला फोम डिस्कभोवती चारही बाजूंनी ठासला होता. हिवाळा शांततेत गेला. "काही व्हत नही भो" म्हणणाऱ्यांची सरशी झाली. मे महिन्यात मात्र फाइल उघडताना संगणक अडकायला लागला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान ६२ अंश, आणि रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले डिस्कचे तुकडे, वाढत चाललेले. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते. खोलीच ४० च्या वर तापते तिथे, त्यात भर म्हणून फोमची गोधडी! डेटा आधी दुसरीकडे घेतला, फोम काढला, समोर १२० मिमीचा पंखा हळू वेगाने लावला. आकडा ५० च्या आसपास आला. ती डिस्क मात्र पुन्हा भरवशाची राहिली नाही. खानदेशात फोम फक्त डिस्कच्या खाली, तोही पट्ट्यांत. बाजू आणि वरचा भाग मोकळाच हवा.

दुसरी चूक रबराच्या ग्रॉमेटची, म्हणजे स्क्रूभोवती बसणाऱ्या रबरी कडीची. ग्रॉमेट बसवायचे आणि मग स्क्रू ड्रायव्हरने अंगातली ताकद काढायची. रबर पूर्ण चेपलं की ते पत्र्याइतकंच कडक होतं, कंप सरळ पलीकडे जातो आणि वर लोक म्हणतात, "रबराने काही फरक पडला नाही." त्यासाठी खांद्याचा (डोक्याखाली बिनआट्याचा जाड भाग असलेला) लांब स्क्रू मिळतो, तोच वापरा, खांदा टेकला की थांबायचं. ग्रॉमेट बोटांनी थोडं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर अर्धा आटा सैल करा. चारही स्क्रू लावा. दोनवर भागवणाऱ्यांची डिस्क थोड्याच दिवसांत खडखडायला लागते.

स्क्रूची सरमिसळही थांबवा. साडेतीन इंचीला ६-३२ मापाचा स्क्रू लागतो, अडीच इंचीला एम३ मापाचा. एम३ मोठ्या डिस्कमध्ये जातो पण लुळा राहतो. उलट केलंत तर आटे गेलेच.

स्क्रूऐवजी डिस्क टांगायची असेल तर शिंप्याकडचं कापडी इलॅस्टिक घ्या. वहीच्या रबरबँडा इथल्या उन्हाळ्यात चिरतात आणि डिस्क खाली पडते. अशी टांगलेली डिस्क असलेला संगणक गाडीवर न्यायचा असेल तर आधी डिस्क काढा.

डिस्कच्या वरचं श्वासाचं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचं भोक चिकटपट्टीने झाकू नका. साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) ताणून लावू नका, तीसुद्धा कंप पोचवते.

आणि हे सगळं करण्याआधी आवाज कुणाचा ते तपासा. संगणक बंद करा, डिस्क सोडवा, केबल तशाच ठेवून जाड स्पंजावर आडवी ठेवा. सर्किट बोर्ड धातूला टेकू देऊ नका. मग चालू करा. घुमणं गेलं तर दोष माउंटिंगचा, म्हणजे डिस्क बसवण्याचा. तसंच राहिलं तर पंखे एकेक करून तपासा. चालू डिस्क उचलून कानाला लावायची नाही, एवढा धीर धरा. आणि टक-टक असा ठराविक ठेका ऐकू आला तर ग्रॉमेट वगैरे विसरा, आधी डेटा काढून घ्या.